घरच्या घरी थारला सस्पेन्शन लिफ्ट: काय वाढतं, काय बिघडतं आणि मोबाईलने काय मोजायचं

थार, जिम्नी, गुरखा किंवा जुनी महिंद्रा जीप यापैकी काहीही दारात उभं असेल, तर 'लिफ्ट किट' हा शब्द तुमच्या रील्समध्ये एव्हाना येऊन गेलाच असेल. तीस सेकंदांच्या व्हिडिओत गाडी वर जाते, मोठे टायर लागतात आणि ती दगडावर चढते. गाडी उंच केल्यावर ब्रेकचा पाईप किती ताणला, हेडलाइटचा झोत कुणाच्या डोळ्यात गेला आणि पोरांनी भरलेली गाडी वळणावर कशी वागली, हे त्या व्हिडिओत नसतं. या लेखात मुख्यतः तेच आहे. काम घरी कसं करतात हेही सविस्तर दिलंय, कारण ते जमण्यासारखं आहे. फक्त ते कुठल्या कामासाठी करताय हे आधी ठरवा.

उदाहरणासाठी परंडा तालुका घेऊ. इथे काळी जमीन आहे, ऊस आहे आणि हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी शिवाररस्त्यांवर खोल चाकोऱ्या पडतात. गाडी त्या चाकोरीत उतरली की मधला मातीचा वरंबा खालून घासतो, म्हणून 'गाडी उंच करू' ही कल्पना इथे साहजिक आहे. अडचण अशी, की नेमक्या याच कामासाठी सस्पेन्शन लिफ्टचा फायदा सगळ्यात कमी होतो.

लिफ्टने नेमकं काय वर जातं?

गाडीचे दोन भाग डोळ्यांसमोर आणा. एक भाग स्प्रिंगच्या वर: चेसिस, बॉडी, इंजिन, माणसं. दुसरा स्प्रिंगच्या खाली: चाकं, ॲक्सल, ब्रेक. सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे या दोन भागांमधलं अंतर वाढवणं. वरचा भाग वर जातो, खालचा जागच्या जागी राहतो.

तीन दरवाजांच्या नव्या थारला (ऑक्टोबर २०२० पासूनची, नाशिकला बनते ती) मागे अखंड ॲक्सल आहे. त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा फुगीर गोळा लटकतो. तुम्ही दोन इंचांचा लिफ्ट बसवा नाहीतर सहा इंचांचा, तो गोळा जमिनीपासून जेवढा होता तेवढाच राहतो, कारण तो चाकांच्या मध्यावर बसलेला आहे. चाकोरीतला वरंबा सगळ्यात आधी ज्याला घासतो तो हाच गोळा. त्याला वर उचलायचा एकच मार्ग: मोठा टायर.

टायरचं गणितही नीट बघून घ्या. थारवर २४५/७५ आर १६ हे माप येतं. व्यास काढायचा तर २४५ चे ७५ टक्के म्हणजे १८३.७५ मिमी, त्याची दुप्पट ३६७.५, त्यात १६ इंची रिमचे ४०६.४ मिळवले की सुमारे ७७४ मिमी. याऐवजी २६५/७५ आर १६ लावला तर व्यास सुमारे ८०४ मिमी होतो. फरक ३० मिमीचा. पण ॲक्सल वर जाणार फक्त १५ मिमी, कारण जमिनीपासून ॲक्सलपर्यंत अर्धाच व्यास येतो. म्हणजे एवढा खर्च करून डिफरन्शियल दीड सेंटीमीटर वर गेला. थारचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनी २२६ मिमी सांगते. त्यात हे दीड सेंटीमीटर मिळवा आणि शेतातला वरंबा टेपने मोजून बघा, मग निर्णय घ्या.

मग लिफ्टचा उपयोग काय? तीन उपयोग आहेत. मोठा टायर वळताना किंवा दबताना बॉडीला घासू नये म्हणून जागा मिळते. चढाला लागताना पुढचा बंपर आणि उतरताना मागचा बंपर टेकायला वेळ लागतो. आणि दोन चाकांच्या मधलं पोट, म्हणजे चेसिस, ट्रान्सफर केस आणि फूटस्टेप, बांधावरून जाताना सुटतं. बालाघाटाच्या कडेच्या खडकाळ वाटांवर याचा खरा फायदा होतो. चिखलात मात्र नाही. चिखलात गाडी जमिनीत रुतते ती टायरखालच्या दाबामुळे. तिथे टायरचा पॅटर्न आणि हवा थोडी कमी करणं जास्त कामी येतं, आणि परत रस्त्यावर आल्यावर ती हवा भरायला छोटा पंप. (परंड्याच्या किल्ल्यावरची मलिक-ए-मैदान तोफ १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. वजन सुमारे ५५ टन. ती ओढणाऱ्यांना जमिनीवरच्या दाबाचं गणित आपल्यापेक्षा चांगलं कळलं असणार.)

बॉडी लिफ्ट, स्प्रिंग, स्पेसर: नावं वेगळी, कामं वेगळी

बॉडी लिफ्टमध्ये चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालतात. चेसिस तिथेच राहतं, त्यामुळे पोट सुटत नाही. फक्त टायरला जागा होते.

सस्पेन्शन लिफ्टचे आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकार दिसतात. एक, मूळ स्प्रिंग आणि शॉकप काढून लांब व वेगळ्या ताकदीचा पूर्ण सेट बसवणं. दुसरा, मूळ सेट तसाच ठेवून त्याच्या डोक्यावर धातूचा किंवा पॉलियुरेथेनचा ठोकळा, म्हणजे स्पेसर, लावणं. पहिला महाग आणि बरोबर. दुसरा स्वस्त आणि मर्यादित. घरी लोक करतात तो बहुतेक दुसराच.

नव्या थारला पुढे डबल विशबोन आहे आणि शॉकपभोवतीच स्प्रिंग गुंडाळलेली आहे. हा सगळा सांगाडा खालच्या आर्मवर बसतो, पण चाकापाशी नाही, थोडा आत. म्हणजे आर्म तरफेसारखा वागतो. त्यामुळे वर लावलेल्या स्पेसरच्या जाडीपेक्षा चाकाजवळची उंची जास्त वाढते. २५ मिमीचा स्पेसर लावला आणि गाडी ४० च्या वर उचलली गेली, तर घाबरू नका. पण '५० मिमी लिफ्ट हवाय' म्हणून लेथवाल्याकडून ५० मिमीचाच ठोकळा करून आणू नका. किटवर लिहिलेला आकडा स्पेसरचा आहे की चाकाजवळच्या उंचीचा, हे घेण्याआधी विचारा.

स्पेसर दोन जागी बसू शकतो आणि इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. स्प्रिंगच्या वर, शॉकपच्या आत बसवला तर स्प्रिंग आधीच जास्त दाबली जाते, शॉकप उभ्या गाडीतच लांबलेला राहतो आणि खड्ड्यात चाक खाली जायला जागा उरत नाही. मग स्पीडब्रेकरवर 'टक' आवाज येतो. सगळ्या सांगाड्याच्या डोक्यावर बसवला तर स्प्रिंगची चाल तशीच राहते, गाडी कडक होत नाही. पण मग चाक पूर्वीपेक्षा जास्त खाली लोंबतं आणि पूर्ण दबताना शॉकप आतून तळाला आधी लागू शकतो. दोन्हींत काहीतरी जातंच. डोक्यावरचा प्रकार घरी करण्यासारखा आहे, कारण त्यात स्प्रिंग सोडवावी लागत नाही.

स्प्रिंग सोडवायची असेल तर ते काम घरी करू नका. याला अपवाद नाही. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये गाडीच्या एका कोपऱ्याचं वजन उचलण्याइतकी ताकद साठलेली असते. शॉकपच्या डोक्यावर मधोमध एक मोठा नट दिसतो, त्याच्या भोवती तीन-चार लहान नट. लहान नट सांगाडा चेसिसला धरतात. मधला नट ती दाबलेली स्प्रिंग धरून ठेवतो. मधल्याला पाना लावायचा नाही.

काय बिघडतं: कोनांचा हिशोब

शाळेतली त्रिकोणमिती इथे उपयोगी पडते. मागचा प्रोपेलर शाफ्ट साधारण एक मीटरचा धरा. त्याचं एक टोक ५० मिमी वर गेलं तर त्याचा कोन जवळपास ३ अंशांनी वाढतो. बहुतेक वेळा 'क्रॉस' हे सहन करतो, कधी ठराविक वेगाला थरथर येते. आता पुढे बघा. पुढच्या चाकांना ताकद देणारे दांडे आखूड असतात. दोन सांध्यांमधलं अंतर ४०० मिमी धरलं तर त्याच ५० मिमीने कोन सुमारे ७ अंशांनी वाढतो. हे सांधे सीव्ही जॉइंट असतात, रबरी बुटात ग्रीस भरलेले. कोन वाढला की बुटाच्या घड्या एकमेकांवर घासतात, बूट फाटतो, ग्रीस उडतं, काळ्या मातीची पूड आत जाते आणि महिन्याभरात वळताना 'कटकट' सुरू. म्हणून पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीला मोठा लिफ्ट हा सगळ्यात वाईट व्यवहार. माझं मत विचाराल तर, मूळ आर्म ठेवून चाकाजवळ ४०-५० मिमीच्या पुढे जाऊच नये.

जिम्नीचं वेगळं. तिला दोन्हीकडे अखंड ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहे, आणि प्रत्येक ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा एक तिरका दांडा, पॅनहार्ड रॉड. लिफ्टने तो दांडा आणखी तिरका होतो आणि ॲक्सलला एका बाजूला ओढतो. समजा दांडा ९०० मिमीचा आहे आणि त्याच्या दोन टोकांत ६० मिमीचा चढउतार आहे. ५० मिमी लिफ्टनंतर तो ११० होतो. पायथागोरस लावलं की ॲक्सल सुमारे ५ मिमी सरकलेला मिळतो. डोळ्याला मागून गाडी किंचित वाकडी चालल्यासारखी दिसते. ॲडजस्ट होणारा पॅनहार्ड रॉड यासाठीच विकतात.

कॅस्टर नावाचा एक कोन आहे. सायकलचा पुढचा चिमटा थोडा पुढे झुकलेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. तसाच झुकाव गाडीच्या पुढच्या चाकांनाही दिलेला असतो. लिफ्टने तो कमी झाला की स्टीअरिंग वळणानंतर स्वतःहून सरळ येत नाही आणि हायवेवर गाडी भरकटते. परंडा-बार्शी रस्त्यावर समोरून ट्रॉली येत असताना अशी भरकटणारी गाडी धोकादायक असते. लिफ्टनंतर अलाइनमेंट करणं हा म्हणूनच कामाचाच भाग धरायचा. संगणकावरच्या अलाइनमेंटसाठी बार्शी किंवा सोलापूर गाठायची तयारी ठेवा आणि तिथे फक्त टो नाही, कॅस्टर आणि कॅम्बरचेही आधीचे-नंतरचे आकडे कागदावर मागा.

आणि उलटण्याचा हिशोब. अमेरिकेची सरकारी रस्ता-सुरक्षा संस्था गाड्यांना उलटण्याबद्दलचं रेटिंग देताना एक सोपं गुणोत्तर वापरते: दोन चाकांमधलं आडवं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. चाकांमधलं अंतर १५०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमीवर धरला तर उत्तर १.०७ येतं. लिफ्टने तो ४० मिमी वर गेला तर १.०१. पाच टक्के कमी. ऐकायला थोडं वाटतं. पण वर कॅरिअर, कॅरिअरवर जास्तीचं चाक, आत पाच जण आणि अचानक समोर आलेली म्हैस, या सगळ्यात तेच पाच टक्के शिल्लक होते. गाडीतला ईएसपी मूळ उंची धरून तयार केलेला आहे, त्याला तुम्ही लिफ्ट केलाय हे माहीत नसतं.

काम सुरू करण्याआधी: कायदा

हा भाग बहुतेक व्हिडिओ गाळतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या रचनेत असा बदल करता येत नाही ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाच्या आधारे मूळ तपशिलाविरुद्धचे बदल चालणार नाहीत असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२ए मालकाला परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगतं. कायद्यातल्या स्पष्टीकरणाप्रमाणे 'बदल' म्हणजे गाडीचं मूळ स्वरूप बदलेल असा रचनेतला फरक. उंची आणि टायर बदलणं यात येत नाही असं गृहीत धरू नका. 'सगळेच करतात' हा आरटीओपुढे चालणारा मुद्दा नाही. एमएच-२५ ची गाडी असेल तर धाराशिवच्या कार्यालयात आधी लेखी विचारा.

वॉरंटी आणि विम्याचंही तसंच. अपघातानंतर सर्व्हेअर गाडी बघतो तेव्हा न कळवलेला बदल हा दावा अडवायला पुरेसं कारण ठरू शकतो. विमा कंपनीला आधी ईमेल करा, उत्तर जपून ठेवा.

इथे थांबून स्वतःला विचारा: फक्त चाकोरीचा प्रश्न असेल तर कंपनीनेच त्या मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिअंटला दिलेल्या मापातला चांगल्या पॅटर्नचा टायर आणि डिफरन्शियलखाली जाड पत्र्याची प्लेट एवढ्यावर भागतंय का? बऱ्याच जणांचं भागतं.

मोबाईल हे इथलं सगळ्यात स्वस्त मोजमाप-यंत्र आहे

तुमच्या फोनमधला ॲक्सलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, म्हणून 'लेव्हल' ॲप कोन दाखवू शकतं. मागच्या कव्हरमुळे आणि कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे चूक येते, म्हणून कव्हर काढा आणि फोनची लांब कड टेकवा. एकदा वाचा, फोन उलट्या दिशेने फिरवून पुन्हा वाचा, दोन्हींची सरासरी घ्या. आणि एकटा आकडा बघत बसू नका. लिफ्टच्या आधीचा आणि नंतरचा यांच्यातला फरक जास्त भरवशाचा असतो. प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियलचा सपाट भाग, दोन्हींवर हे करा.

उंची मोजताना जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका, टायरच्या हवेने तो आकडा बदलतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांवर, आणि आकडे नोट्समध्ये. थोडा फरक मूळचाच असतो. आधी मोजलं नसेल तर नंतर तो लिफ्टच्या माथी मारला जातो.

प्रत्येक बोल्ट उघडण्याआधी फोटो. वॉशर कुठल्या बाजूला होता, वायर कुठल्या क्लिपमधून गेली होती, हे संध्याकाळी सहा वाजता आठवत नाही. टॉर्कचे आकडे मात्र व्हिडिओच्या कमेंटमधून घेऊ नका. तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधले घ्या आणि टॉर्क पाना भाड्याने किंवा उसना आणा.

प्रत्यक्ष काम

दोन माणसं आणि पूर्ण दिवस. एकट्याने गाडीखाली जायचं नाही.

जागा सगळ्यात महत्त्वाची. काळ्या मातीवर जॅक लावायचा नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते, एका पावसात फुगते, आणि जॅक स्टँडचे पाय लोण्यात सुरी जावी तसे आत जातात. पक्का कोबा हवा. घरातली गुळगुळीत फरशी नको, तीही फुटते. कोबा नसेलच तर गावातल्या एखाद्या शेडमध्ये परवानगीने करा. विटांवर गाडी ठेवणं हा प्रकार कितीही पाहिलेला असला तरी नाही म्हणजे नाही. वीट सूचना न देता फुटते.

मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, हँडब्रेक, गिअर. ऑटोमॅटिक गाडीत ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तर 'पी' काहीच धरत नाही, हे तपासा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच किंचित सैल करा. मग उचलून स्टँड चेसिसच्या आडव्या-उभ्या दणकट भागाखाली लावा, आर्मखाली नाही, कारण आर्मला खाली यायचंय. स्टँडवर ठेवल्यावर गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवा. हलली तर पुन्हा ठेवा. काढलेली चाकं चेसिसखाली आडवी सरकवून ठेवा. स्टँड घसरलाच तर गाडी माणसावर न येता चाकावर येते.

पुढची बाजू. दोन्हीकडच्या अँटी-रोल बारच्या लिंक एकदम सोडा. एकच सोडली तर बार पिळलेला राहतो आणि बोल्ट अडकतो. ब्रेकच्या होज पाईपची आणि एबीएसच्या वायरची क्लिप मोकळी करा, चाक खाली आलं की ताण त्यांच्यावरच येतो. खालच्या आर्मला दुसऱ्या जॅकने हलका टेकू द्या. शॉकपचा खालचा बोल्ट काढा, मग वरचे लहान नट, मधला नाही. आर्म हळूहळू खाली घ्या. वरचा आर्म आडवा येत असेल तर त्याचा बॉल जॉइंट सोडावा लागतो, पण तेव्हा चाकाचा मधला भाग लोंबू देऊ नका, तारेने किंवा दोरीने बांधा. नाहीतर सगळं वजन ब्रेकच्या पाईपवर आणि सीव्ही जॉइंटवर येतं.

स्पेसर बसवताना दोन्ही पृष्ठभाग घासून स्वच्छ करा. मध्ये अडकलेला मातीचा कण काही दिवसांत दबतो आणि नट सैल होतो. एकावर एक दोन स्पेसर रचायचे नाहीत. लेथवर करून घेतलेला असेल तर भोकं आणि स्टडची लांबी किटवाल्याइतकीच नेमकी आहे का हे बसवण्याआधी मोजा. नटाबाहेर स्टडचे दोन-तीन आटे दिसलेच पाहिजेत.

आता एक गोष्ट जी घरी केलेल्या कामात हमखास चुकते. आर्मच्या आणि शॉकपच्या बोल्टमध्ये रबरी बुश असतात. चाक हवेत लोंबत असताना ते बोल्ट पूर्ण आवळले तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली ठेवली की ते कायमचं पिळलेलं राहतं, काही महिन्यांत फाटतं आणि तोवर गाडी किंचित उंचच उभी राहते. 'लिफ्ट आता थोडा बसला' असं लोक म्हणतात त्यामागे कधीकधी हेच असतं. म्हणून हाताने आवळा, चाक लावा, गाडी जमिनीवर घ्या, बंपर दाबून चार-पाचदा हलवा आणि मग पूर्ण टॉर्क द्या.

मागची बाजू सोपी वाटते, पण तिथे दोन्ही शॉकप एकदम सोडले की अख्खा ॲक्सल जॅकवर असतो. खाली घेताना दुसऱ्या माणसाने फक्त एकच काम करायचं: ब्रेकचा होज आणि डिफरन्शियलचा श्वासनळीसारखा बारीक पाईप ताणतोय का ते बघत राहणं. स्लो-मोशन व्हिडिओ काढला तर आणखी चांगलं. होज ताठ झाला तर थांबा. त्याला लांब होज लागेल, किंवा लिफ्ट कमी करावा लागेल. 'थोडा ताणतो, चालतंय' असं काही नसतं.

जुन्या जीपवाल्यांसाठी

एमएम ५४०, मेजर किंवा जिप्सीला चारही कोपऱ्यांवर पाटे असतात. जास्त कमान असलेले नवे पाटे हा चांगला मार्ग. जुन्या पाट्यांत एक जादा पान घालणं स्वस्त, पण गाडी बैलगाडीसारखी उडते. लांब शॅकल लावली तर शॅकल जेवढी वाढते त्याच्या निम्माच लिफ्ट मिळतो, आणि शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर पुढचा कॅस्टर कमी होतो. मग ठराविक वेगाला खड्डा लागला की स्टीअरिंग दोन्हीकडे जोरजोरात फडफडतं, त्याला डेथ वॉबल म्हणतात, आणि वेग कमी केल्याशिवाय ते थांबत नाही. ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठोकळा फक्त मागे, पुढच्या ॲक्सलला कधीच नाही. ब्रेक मारताना पुढचा ॲक्सल पाट्याला पिळतो, ठोकळा सुटला तर स्टीअरिंगच जातं. यू-बोल्ट जुने पुन्हा वापरू नका. ते एकदा आवळले की ताणलेले असतात.

पहिल्या १०० किलोमीटरमध्ये

गाडी रस्त्यावर नेण्याआधी स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, टायर कुठे घासतो का आणि होज कुठे अडकतो का बघा. ब्रेक पेडल दाबून धरा आणि जोडांवर ओल दिसते का ते पाहा. मग मोकळ्या मैदानात कमी वेगाने जोरात ब्रेक.

हेडलाइट त्याच संध्याकाळी सेट करा. फक्त पुढचा भाग २५ मिमी वर गेला असेल तर थारच्या २४५० मिमी व्हीलबेसवर तो एक टक्क्याचा उतार होतो, म्हणजे ५० मीटरवर झोत अर्धा मीटर वर. समोरच्या दुचाकीवाल्याच्या थेट डोळ्यात. हे कामाच्या आधी करून ठेवायचं: भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून झोताच्या वरच्या कडेवर चिकटपट्टी लावा आणि लाइटच्या मध्यापेक्षा ती किती खाली आहे ते लिहा. नंतर पुन्हा तेवढंच अंतर ठेवा.

टायर बदलला असेल तर स्पीडोमीटर आता कमी दाखवतो. वरच्या उदाहरणात व्यास ३.९ टक्के वाढला, म्हणजे काटा ८० वर असताना खरा वेग ८३ च्या आसपास. बहुतेक स्पीडोमीटर मुळात थोडा जास्त वेग दाखवतात, त्यामुळे तुमच्या गाडीत फरक कमीही निघेल. फोनच्या जीपीएस स्पीड ॲपने सरळ रस्त्यावर, शेजारी बसलेल्याने वाचून, एकदा पडताळा.

अलाइनमेंटनंतर स्टीअरिंग सरळ असताना स्टीअरिंग-अँगल सेन्सर शून्य दाखवतो का हे सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर बघून घ्या. सेन्सर ५ अंश वाकडा समजत असेल तर ईएसपी सरळ रस्त्यावर उगाच ब्रेक लावू शकतो.

५०-१०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ नटापासून बोल्टपर्यंत ओढून ठेवली, तर पुढच्या वेळी फोनचा टॉर्च मारून फोटो काढला तरी कुठला नट फिरलाय ते दिसतं. सीव्ही बुटाची घडी महिन्यातून एकदा बघा, विशेषतः ऊस वाहतुकीच्या हंगामात, आणि फाटलेली दिसली तर ग्रीस संपायच्या आत बूट बदला. नुसता बूट स्वस्तात होतो, आख्खा जॉइंट बदलायची वेळ आली तर खर्च कितीतरी पट जातो.